घाई कुणासाठी, धीर कुणासाठी?

साशंक : ज्या चित्रपटाचा गाजावाजा मोठा, त्याला पहिल्या आठवड्यात जायचं नाही, हा नियम मी अनेक वर्षं पाळतो आहे. दर शुक्रवारी थिएटर गाठणाऱ्या तुमच्यासारख्या प्रेक्षकानंही तो पाळावा, असं मला मनापासून वाटतं. २०१८ सालचे ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा. दिवाळीत, ८ नोव्हेंबरला, ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ आला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान पहिल्यांदाच एकत्र, यशराजचं बॅनर, समुद्रातली जहाजं, सणाची सुट्टी. पहिल्याच दिवशी त्यानं देशात पन्नास कोटींच्या वर गल्ला जमवला. दुसऱ्या दिवसापासून लोकांचं बोलणं फिरलं आणि बघता बघता खुर्च्या रिकाम्या पडल्या. आता त्याच्या आधीचा महिना पाहा. ५ ऑक्टोबरला ‘अंधाधुन’, १२ ला ‘तुंबाड’, १८ ला ‘बधाई हो’. तिन्ही चित्रपट आपापल्या परीनं अस्सल. त्यातले ‘अंधाधुन’ आणि ‘बधाई हो’ एकानं दुसऱ्याला सांगत सांगत चालले. राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ मात्र त्या मानानं फार थोड्यांनी पाहिला आणि तो उतरला. ज्यांनी दिवाळीच्या चित्रपटासाठी पैसे आणि संध्याकाळ राखून ठेवली होती, त्यांच्या हातून तो निसटला. मोठ्या चित्रपटानं निराशा केली याचं मला फारसं दुःख नाही. त्याची वाट पाहण्याच्या नादात शेजारच्या पडद्याकडे आपलं लक्ष गेलं नाही, याचं आहे.

उत्साही : तुम्ही निराशेचा हिशेब चोख मांडता, पण वाट पाहण्याचा आनंद त्यात कुठेच धरत नाही. महिनाभर गाणी कानावर पडलेली असतात, घरात-कचेरीत चर्चा झालेली असते, तिकिटं मिळतील की नाही याची धाकधूक असते. मग दिवे मालवतात तेव्हा तीन-चारशे माणसं एकाच गोष्टीकडे श्वास रोखून पाहत असतात. हा अनुभव चित्रपटाच्या बाहेरचा आहे असं मी मानत नाही, तो चित्रपटाचाच भाग आहे. शिवाय गाजावाजा नेहमी फसवतोच असं कुठे आहे? ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला, त्याआधीच अजय-अतुलची गाणी गावोगावच्या वरातींत पोहोचली होती. लोक नाचायच्या तयारीनं आले आणि खरोखरच पडद्यासमोर नाचले. नाचायला आलेल्या त्या गर्दीला नागराज मंजुळेंनी शेवटी कुठे नेऊन उभं केलं, हे आठवा. रक्तात माखलेली लहान मुलाची पावलं, आणि कसलंही संगीत नाही. ‘सैराट’ गुपचूप आला असता तर ज्यांना जातीचं हे वास्तव आधीच मान्य आहे तेवढेच लोक तो पाहून आले असते. गाजावाजा झाला म्हणून तो अशा घरांत पोहोचला, जिथे त्याच शेवटाची बीजं होती. मंजुळेंचा ‘फँड्री’ दोन वर्षं आधी आला होता, त्याचं कौतुकही झालं होतं. पण त्यातल्या जब्यानं भिरकावलेला दगड इतक्या लोकांपर्यंत गेला नव्हता. तेव्हा गर्दी जमवण्याच्या कलेला सरसकट नावं ठेवू नका.

साशंक : ‘सैराट’बद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. पण त्या उदाहरणावरून तुम्ही यंत्रणेला प्रशस्तिपत्रक देत आहात, ते मला देता येत नाही. यंत्रणा कशी चालते ते पाहू. २००९ च्या उन्हाळ्यात हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून भांडण झालं. सुमारे दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागले नाहीत. जूनमध्ये तडजोड झाली, ती अशी : कर वजा जाता जे उरेल त्यातला निर्माता-वितरकांचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. म्हणजे निर्मात्याच्या दृष्टीनं तुमचं तिकीट सर्वांत मोलाचं कधी, तर पहिल्या आठवड्यात. तुम्ही चित्रपट कधीतरी पाहावा एवढ्यानं त्याचं भागत नाही. लोकांचं मत तुमच्या कानावर पडण्याआधी तुम्ही खुर्चीत असायला हवं. म्हणून तर हजारो पडदे एकदम अडवले जातात, म्हणून नट शहरोशहरी फिरतात, म्हणून आकडे रोज सकाळी जाहीर होतात. या सगळ्याला तुम्ही वाट पाहण्याचा आनंद म्हणता. मला त्यात घाईचं उत्पादन दिसतं. घाईत असलेला माणूस निवड करत नाही, तो फक्त पोहोचतो. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा सुरुवातीला धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला असंच मानलं होतं. पण त्या काळी चित्रपटाला उभं राहायला वेळ मिळत असे. लोकांनी एकमेकांना सांगितलं, पुन्हा पुन्हा पाहिला, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. आज तोच चित्रपट तशी थंड सुरुवात घेऊन आला, तर दुसऱ्या शुक्रवारी त्याचे निम्मे खेळ गेलेले असतील.

उत्साही : पण तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा निघतो. गाजावाजा करून शुक्रवार विकत घेता येतो, सोमवार घेता येत नाही. जून २०२३ मध्ये हे लागोपाठ दोनदा दिसलं. १६ तारखेला ‘आदिपुरुष’ आला. प्रभासचं नाव, रामायणाचा विषय, ‘तान्हाजी’चे दिग्दर्शक ओम राऊत, शेकडो कोटींचा खर्च. शुक्रवार ते रविवार तुफान गर्दी झाली. मग त्यातले संवाद ऐकून लोक चिडले. निर्मात्यांना चालू खेळांत संवाद बदलावे लागले, आणि सोमवारपासून जी घसरण सुरू झाली ती थांबलीच नाही. बरोबर दोन आठवड्यांनी, ३० जूनला, केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणींची आणि त्यांच्या मंगळागौरीच्या स्पर्धेची गोष्ट. पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात त्याचा धंदा जास्त झाला. महिला मंडळं, भिशीचे गट, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी, सासवा-सुना अशा टोळ्या करून बायका गेल्या आणि घरी येऊन आणखी दहा जणींना सांगितलं. हा ‘शोले’चाच मार्ग आहे, आणि तो आजही बंद झालेला नाही. प्रेक्षक भाबडा आहे असं गृहीत धरून त्याला वाचवायला निघालेले लोक मला थोडे परके वाटतात. त्याला एकदा फसवता येतं, पण तीन दिवसांच्या वर नाही.

साशंक : सोमवारचा निकाल खरा असतो, हे मी मान्य करतो. पण तो निकाल फक्त सोमवारपर्यंत पोहोचलेल्यांचा लागतो. आपण ‘दुर्लक्षित चित्रपट’ म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतो, त्या आधी वेगळ्या करू. आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ घ्या. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेला, शाहरुख खानचा, डिसेंबर २००४ चा. तो लोकांपर्यंत पोहोचला होता. लोकांनी तो पाहिला, संथ ठरवला आणि नाकारला. पुढे वर्षानुवर्षं घरी बसून पुन्हा पाहिला आणि आपलं मत बदललं. इथे प्रेक्षकाचं प्रेक्षकाशीच भांडण होतं आणि ते मिटलं. आता उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ घ्या. समीर आणि नचिकेत ही दोन भावंडं, एकाचं अचानक जाणं आणि मागे राहिलेल्याचा शोध. २०१० साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट महाराष्ट्रातल्या किती गावांत लागला? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. त्याच वर्षी तो थिएटरांत आला आणि बहुतेकांना कळायच्या आत गेला. या चित्रपटांना कुणी नाकारलेलं नाही. त्यांच्यापुढे नाकारणारा प्रेक्षक आलाच नाही. २८ एप्रिल २०२३ ला ‘महाराष्ट्र शाहीर’, ‘टीडीएम’ आणि ‘पोन्नियिन सेल्वन’चा दुसरा भाग असे तीन चित्रपट एकाच दिवशी लागले. त्यातल्या ‘टीडीएम’ला खेळ मिळेनात. दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे आणि त्यांच्या तरुण कलाकारांना थिएटरात प्रेक्षकांसमोर रडू कोसळलं, आणि शेवटी चित्रपट मागे घेऊन जूनमध्ये पुन्हा लावावा लागला. तो चांगला की वाईट हा प्रश्नच विचारला गेला नाही. आणि ही आजची गोष्ट नाही. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये जागा मिळावी म्हणून शिवसेनेला उतरावं लागलं होतं. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मराठी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्सवर वेळेची सक्ती आणली, तिच्याही मुळाशी हेच दुखणं होतं. तुमचा सोमवार न्यायी आहे, पण त्या न्यायालयात दावा दाखल करायलाच पैसे लागतात.

उत्साही : नाकारलेला आणि न पोहोचलेला हा भेद मला पटला, आणि तो मी पुढे वापरणार आहे. पण त्याच भेदामागे लपून एक लबाडी चालते, तीही बोलू. खेळ मिळाले नाहीत हे खरं असतं, आणि चित्रपट कच्चा असतो हेही खरं असतं. विषय सामाजिक, महोत्सवाचा शिक्का, चार पुरस्कार, आणि पटकथेत मात्र दम नाही, असे किती मराठी चित्रपट आपण दोघांनी पाहिले आहेत! त्यांच्या अपयशाचं खापर प्रत्येक वेळी मल्टिप्लेक्सवर फोडलं की दिग्दर्शकाला आपल्या कामाकडे पाहावं लागत नाही आणि समीक्षकाला खरं बोलावं लागत नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. दुर्लक्षित चित्रपटावर प्रेम करणाऱ्याला त्याच्या दुर्लक्षितपणावरही प्रेम बसू शकतं. ‘मी पाहिला, इतरांना कळला नाही’ ही भावना फार सुखाची असते, आणि ते सुख टिकवायचं तर चित्रपट लोकांपर्यंत न जाणंच बरं. मग त्याच्याभोवतीही गाजावाजा उभा राहतो, फक्त लहान वर्तुळात. ‘तुंबाड’ १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला, याचा मला फार आनंद झाला. पण सहा वर्षं ‘अजोड, अद्वितीय’ असं ऐकत आलेली काही तरुण मुलं थिएटरातून बाहेर पडताना थोडी गोंधळलेली दिसली. चित्रपटात काही कमी नव्हतं. आपणच त्यांच्या मनात इतका मोठा चित्रपट आधी उभा केला होता की पडद्यावरच्याला त्याच्याशी झगडावं लागलं. जो आरोप तुम्ही जाहिरातदारावर करता, तो इथे रसिकावर येतो.

साशंक : येतो, आणि तो मी झटकणार नाही. म्हणूनच आपल्याला एखादी कसोटी हवी, जी दोन्ही गाजावाजांपासून थोडी दूर असेल. माझ्या मते ती दुसऱ्यांदा पाहण्याची आहे. २०१५ चा उन्हाळा घ्या. एप्रिलमध्ये चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आला, मेमध्ये अनुराग कश्यपांचा ‘बॉम्बे वेल्वेट’. दोन्ही मुंबईचेच. एकात जुनी मुंबई श्रीलंकेत बांधून काढली होती, शंभर कोटींच्या आसपास खर्च होता, संकलनात थेल्मा स्कूनमेकर यांचं नाव होतं. दुसऱ्यात एका लोकशाहिरावरचा खटला, बरेचसे पूर्वी कधी अभिनय न केलेले लोक, आणि जागचा न हलणारा कॅमेरा. ‘बॉम्बे वेल्वेट’ असा आपटला की त्यावर गंभीरपणे बोलणंच थांबलं. आज तो पुन्हा पाहिला, खर्च आणि नावं विसरून पाहिला, तर समुद्र हटवून जमीन कशी तयार झाली आणि त्या जमिनीवर कुणाचा डोळा होता याची एक खरी गोष्ट त्यात दिसते. मांडणी विस्कटलेली आहे, हेही दिसतं. ‘कोर्ट’ दुसऱ्यांदा पाहिला की सरकारी वकील बाईंचं घर, त्यांचा स्वयंपाक, न्यायाधीशांची सहल, हे पहिल्या वेळी सैल वाटलेले भाग खटल्याइतकेच महत्त्वाचे होतात. एका चित्रपटाची निराशा थोडी उतरते, दुसऱ्याचं मोल चढतं, आणि दोन्हींत पडद्यावरची एकही चौकट बदललेली नसते. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये असा पडला की त्यानंतर त्यानं दिग्दर्शक म्हणून कुठेही नाव लावलं नाही. अरुण खोपकरांनी ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ लिहिलं तेव्हा, तुम्ही चुकलात, असं ते प्रेक्षकाला म्हणाले नाहीत. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा कुणाकडे सरकतो, चेहरा कधी अंधारात जातो, हे त्यांनी दाखवलं. दुर्लक्षित चित्रपटाची बाजू घ्यायची तर अशी घ्यावी. काळ आणि बारकाईनं पाहणं या दोन गोष्टी बहुतेक वेळा न्याय देतात.

उत्साही : ‘बहुतेक वेळा’ हे शब्द तुम्ही फार सहज वापरलेत. जे हाताशी राहिलं त्यालाच काळ न्याय देतो. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ मध्ये चालला नाही. पण व्हिडिओ कॅसेट आली, मग केबलवर तो सतत लागत राहिला, आणि एका अख्ख्या पिढीला त्याचे संवाद पाठ झाले. ‘स्वदेस’चंही तेच, टीव्हीनं त्याला दुसरं आयुष्य दिलं. जे चित्रपट टीव्हीवर लागत नाहीत, ओटीटीवर मिळत नाहीत, ज्यांची धड प्रतही कुणी जपलेली नाही, त्यांचं दुसऱ्यांदा पाहणं कुठे करायचं? आपल्या मूकपटांपैकी बहुतेक कायमचे गेले. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आपल्याकडे अपुराच उरला आहे. तेव्हा तुमची कसोटी चांगली असली तरी ती नशीबवान चित्रपटांची आहे.

आता मला तुमच्यामाझ्याबद्दल एक अवघड गोष्ट विचारायची आहे. आपण भरपूर चित्रपट पाहतो. त्यामुळे आपली निराशा जास्त विश्वासार्ह होते, की कमी? ‘बाईपण भारी देवा’ पाहून आलेल्या आपल्यासारख्या अनेकांनी म्हटलं : ठीक आहे, बेतलेला आहे, टीव्ही मालिकेच्या जवळ जातो. आणि त्याच खेळाला एखादी साठीची बाई बसलेली होती, जी कित्येक वर्षांत थिएटरात आलेली नव्हती. आपल्या वयाच्या सहा बायका पडद्याच्या मध्यभागी आहेत, गुडघेदुखी, रजोनिवृत्ती, बहिणीबहिणींचे अबोले यांवर मोठ्यानं बोलत आहेत, हे ती पहिल्यांदा पाहत होती. ‘हे आधी पाहिलंय’ असं आपण म्हणालो, तिनं ते आधी पाहिलेलं नव्हतं. आपल्या दोघांपैकी तो चित्रपट कुणी नीट पाहिला?

साशंक : हा प्रश्न मला टाळायचा नाही. ज्यानं पुष्कळ पाहिलं आहे त्याला युक्त्या ओळखू येतात. पार्श्वसंगीत कुठे रडायला सांगतं, कुठली व्यक्तिरेखा केवळ भाषण करण्यासाठी आणली आहे, हे त्याला कळतं. या ज्ञानाला मी कमी लेखणार नाही. त्याच्याशिवाय कारागिरी आणि नक्कल यांतला फरक सांगणारं कुणी उरणार नाही. पण त्या ज्ञानाची किंमतही आहे. पुष्कळ पाहणाऱ्याला नावीन्याची भूक लागते आणि तो वेगळेपणालाच गुण समजू लागतो. अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. स्मृती हरवत चाललेली एक बाई कोकणात आपल्या बालपणीच्या गावी परत जाते, नवऱ्याला सोबत घेऊन, जुन्या मित्राला भेटायला. त्यात मोठी घटना घडत नाही, कुणी खलनायक नाही. मला तो फार आवडला. पण तो आवडण्यात त्याच्या खऱ्या सच्चेपणाचा वाटा किती, आणि रोजच्या गोंगाटाला कंटाळलेल्या माझ्या कानांना मिळालेल्या विश्रांतीचा किती, हे मला खात्रीनं वेगळं करता येत नाही. त्या साठीच्या बाईनं ‘बाईपण’मध्ये जे पाहिलं ते खरं होतं. मला त्यात दिसलेला बेतलेपणाही खरा होता. दोघांनी एकमेकांना खोटं पाडायची गरज नाही. मात्र तिची दाद मोजली जाते, कारण ती गर्दीनं येते. ‘थ्री ऑफ अस’ पाहून गप्प झालेल्या थोड्या माणसांची दाद कुठल्याच आकड्यात येत नाही.

उत्साही : ती का येत नाही, याचं उत्तर तुमच्या पहिल्या वाक्यात आहे. तुम्ही पहिल्या आठवड्यात जात नाही. मोठ्या चित्रपटापासून स्वतःला वाचवण्यासाठी तुम्ही थांबायची सवय लावून घेतली, आणि ती सवय हळूहळू सगळ्याच चित्रपटांना लागू झाली. ‘लोक काय म्हणतात पाहू, मग जाऊ.’ आता तुम्हीच सांगितलेलं गणित लावा. मोठ्या चित्रपटाला तुमच्या थांबण्यानं काही होत नाही, त्याचे हजारो पडदे तुमच्यावाचून भरतात. छोट्या चित्रपटाला शहरात दोन खेळ मिळालेले असतात, एक सकाळी अकराचा आणि एक दुपारचा. शुक्रवार ते रविवार त्यात वीस-पंचवीस माणसं दिसली नाहीत की पुढच्या शुक्रवारी तो नाही. ‘विहीर’वर ज्यांचं खरोखर प्रेम बसलं असतं, असे तुमच्यासारखे चोखंदळ लोक घरी बसून लोकमताची वाट पाहत होते, आणि ते लोकमत तयार करणारे लोक म्हणजे तुम्हीच होता. माझ्या घाईनं ‘ठग्स’चा पहिला दिवस मोठा केला असेल, ते मी मान्य करते. पण तुमच्या धीरानं काय केलं, तेही पाहा. तुमचा संशय आणि माझा उत्साह वरवर विरोधी दिसतात, तिकीटबारीवर मात्र दोन्हींचा परिणाम एकच होतो : मोठा आणखी मोठा, छोटा आणखी छोटा.

साशंक : याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. माझा नियम मला निराशेपासून वाचवतो, पण ज्यांच्यासाठी मी तो केला असं मला वाटत होतं, त्या चित्रपटांना तो मारक ठरतो. मग तुमच्या बोलण्यातून असं निघतं की धीर आणि घाई यांची अदलाबदल करायला हवी. मोठ्यासाठी थांबावं आणि छोट्यासाठी धावावं. हे मला तर्कानं पटतं. पण छोट्यासाठी पहिल्या दिवशी धावायचं म्हणजे तो पाहण्याआधीच कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवायचा. कुणाच्या? पैसे घेऊन लिहिलेली परीक्षणं आज सर्रास आहेत. महोत्सवांचे शिक्के तुम्हीच मघाशी बाजूला सारलेत. दिग्दर्शकाचं आधीचं काम हा एक आधार आहे, पण पहिल्यांदाच चित्रपट करणाऱ्याचं काय? ‘कोर्ट’ आणि ‘तुंबाड’ हे दोन्ही त्यांच्या दिग्दर्शकांचे पहिलेच मोठे चित्रपट होते. आणि तिकिटाचं काय? सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट दिनाला ७५ रुपयांत तिकीट मिळालं तेव्हा थिएटरं भरली. त्या भावात अनोळखी चित्रपट पाहण्याचं धाडस करता येतं. एरवी चौघांच्या कुटुंबानं खाण्यापिण्यासकट दोन हजारांच्या आसपास खर्च करायचा आणि तोही कुणाच्या भरवशावर, हा प्रश्न पैसेवाल्या रसिकाला पडत नाही. ज्याला पडतो तो खात्रीचा माल मागतो आणि मोठ्या नटाकडे वळतो. त्याला मी दोष देऊ शकत नाही.

उत्साही : मीही देणार नाही. म्हणून धावण्याचा पहिला भार त्याच्यावर टाकू नये, तो आपण घ्यावा. ज्याला परवडतं, ज्याला सवय आहे, ज्याचा एखादा रविवार वाया गेला तरी चालतो, त्यानं अनोळखी चित्रपट आधी पाहावा. आणि पाहून झाल्यावर आपलं खरं काम सुरू होतं, ते म्हणजे नीट सांगणं. ‘भन्नाट आहे, चुकवू नकोस’ आणि ‘टुकार आहे, जाऊ नकोस’ ही दोन्ही वाक्यं जाहिरातीच्याच जातीची आहेत. काय आवडलं, कुठे कंटाळा आला, कुणाला आवडेल, कुणाला नाही, हे मोजून-मापून सांगायला हवं. ‘कासव’ नैराश्यातून वर येऊ पाहणाऱ्या एका मुलाची गोष्ट आहे, ती सावकाश चालते, इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांनी ती फार जपून उभी केली आहे. एवढं सांगितलं तर ज्याला जायचं तो जाईल, आणि बाहेर पडताना त्याला फसल्यासारखं वाटणार नाही. निराशाही तशीच सांगावी. ‘ठग्स’नं निराशा केली असेल तर बजेटवर हसून भागत नाही. दोन मोठे नट समोरासमोर असूनही त्यांच्यात घडण्यासारखं काही लिहिलंच नव्हतं, हे सांगावं. त्यानं पुढचा लेखक शहाणा होतो.

साशंक : नीट सांगणं हे काम मी आनंदानं पत्करतो. पण आपल्यात एक मतभेद उरतो आणि तो उरू द्यावा. तुम्हाला वाटतं की पुरेशा लोकांनी प्रामाणिकपणे सांगितलं तर गर्दी योग्य ठिकाणी जाईल. मला वाटतं की काही चित्रपट गर्दीचे नसतातच. ‘विहीर’ हजार पडद्यांवर लावला तरी तो ‘सैराट’ होणार नाही, आणि व्हावा असंही नाही. त्याला हवी आहेत ती त्याची थोडी माणसं, आणि ती जमेपर्यंतचा वेळ. हा वेळ कोण देणार? आजची वाटणी पाहता थिएटर देणार नाही, निर्मात्याला परवडणार नाही, आणि सरकारी सक्तीनं पडदा मिळाला तरी खुर्चीत माणूस येत नाही. फिल्म सोसायट्यांनी एके काळी हे काम केलं, काही ठिकाणी अजून करतात, पण ते पुरेसं नाही. या प्रश्नाचं उत्तर तुमच्या उत्साहाकडे नाही आणि माझ्या संशयाकडेही नाही.

उत्साही : नसेल. पण उत्तर सापडेपर्यंत करण्यासारखं एक काम आहे, आणि त्यासाठी तुम्ही-मी एकमत व्हायची गरज नाही. नेहमी चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकानं पुढच्या शुक्रवारी वेळापत्रक उघडावं आणि ज्या चित्रपटाला शहरात सगळ्यांत कमी खेळ मिळाले आहेत, त्याबद्दल चार ओळी वाचून, त्यात काही आहे असं वाटलं तर त्याच आठवड्यात त्याचं तिकीट काढावं. मोठ्या चित्रपटासाठी सोमवारपर्यंत थांबावं. मोठा चित्रपट सोमवारीही तिथेच असतो. छोटा बहुतेक वेळा नसतो.